पार्श्वभूमी : पुण्यातल्या पावसाच्या मैफली

आषाढ लागला की पुण्यात पावसाच्या मैफलींच्या जाहिराती झळकू लागतात. साचा ठरलेला: आधी मियाँ मल्हार किंवा गौड मल्हार हे पावसाळी राग, मग पावसाच्या कविता, भावगीतं आणि मधे निवेदन (बहुधा गरजेपेक्षा लांब). राग आणि रानातली कविता यांची ही जोडी आजच्या आयोजकांनी जुळवलेली नाही.

तिचा माग दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यापर्यंत जातो. शाहीर होनाजी गवळी समाजातला. त्याच्या 'घनश्याम सुंदरा' या भूपाळीतली पहाट धारा काढण्याची, हंबरणाऱ्या गाईंची आहे. त्यानं लावणी रागांत बांधली, ढोलकीच्या जागी तबला आणला, असं सांगतात. गोठ्याची ओळख असलेल्या माणसानं बैठकीला हे वळण दिलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पुढे १८८२ मध्ये 'सौभद्र' हे संगीत नाटक पुण्यात रंगमंचावर आलं आणि 'नभ मेघांनी आक्रमिले' ऐकायला लोक तिकीट काढू लागले.

मल्हार ओळखणारा श्रोता तयार केला तो संस्थांनी. भास्करबुवा बखल्यांचा भारत गायन समाज १९११ चा, विनायकबुवा पटवर्धनांचं पुण्यातलं गंधर्व महाविद्यालय १९३२ चं.

कवितेकडून वाट काढली रविकिरण मंडळानं. १९२३ मध्ये पुण्यात जमलेल्या या कवींपैकी यशवंत, गिरीश आपल्या कविता सभेत चालीवर म्हणत, आणि त्या ऐकायला गर्दी होई. त्यांच्या काळात जानपद, म्हणजे खेड्यातल्या जगण्यावरच्या, गीतांची लाट आली. त्या गीतांतलं खेडं पुष्कळदा इस्त्री करून आणलेलं वाटतं. पण कविता गायची असते ही सवय पुणेकरांना लागली ती तिथूनच. मराठीतलं पहिलं भावगीत म्हणून ज्याचं नाव घेतात ते ना. घ. देशपांड्यांचं 'रानारानांत गेली बाई शीळ'ही खेड्यातलंच, ग. ना. जोशींच्या आवाजात १९३२ च्या सुमारास त्याची तबकडी निघाली.

या दोन्ही वाटा घट्ट बांधल्या कुमार गंधर्वांनी. क्षयाच्या आजारात देवासला पडून असताना माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत होती. त्या धुनांतून त्यांनी राग उभे केले, आणि 'गीतवर्षा', 'गीतहेमंत', 'गीतवसंत' असे ऋतूंवर आखलेले कार्यक्रम केले. नुसत्या रागांची यादी न देता अख्खा ऋतू मांडायचा, ही आजच्या आयोजकांची कल्पना मुळात त्यांची.

एक अडचण तरी उरतेच. बंदिशींतला पाऊस व्रजातला, म्हणजे मथुरा-वृंदावनाकडचा: मोर, दादुर (बेडूक), परदेशी गेलेला पिया. तिथला पपीहा विरहिणीला छळतो. तोच पक्षी, आपला पावशा, मावळात 'पेर्ते व्हा' म्हणून शेतकऱ्याला कामाला लावतो. पेरणीचा हा पाऊस मैफलीत आला तो ना. धों. महानोरांमुळे. पळसखेडच्या या शेतकरी कवीचा 'रानातल्या कविता' हा संग्रह १९६७ चा. तेव्हापासून निवेदकांना त्यांच्या ओळींवाचून करमत नाही.

मुळशी-मावळातल्या बायकांच्या ओव्या मात्र या कार्यक्रमांत क्वचितच ऐकू येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी पुण्यातूनच हे काम उभं करून गावोगावच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पाऊस आणि पेरणी त्यांत आहे. आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळतात.