हळू चालवला म्हणूनच कटर गेला

हिंगणा एमआयडीसीत आमच्या शॉपमधे नवीन आलेला एक पोट्टा परवा व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) एसएस 304 ची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, प्लेट लावून उभा होता. 10 एमएमचा नवा कोरा कार्बाइड एंडमिल (फिरत कापणारा दातेवाला कटर), प्रोग्राममधे फीड, म्हणजे कटर पुढे सरकायचा वेग, बरोबर, पण कटर महाग आहे या भीतीनं त्यानं फीडचा नॉब 30 टक्क्यांवर आणून ठेवलेला. थोड्याच वेळात कर्कश आवाज सुरू, मी धावत जाईपर्यंत चारही दात्यांचे कोपरे साफ. "भाऊ, मी तर एकदम हळू चालवून राहिलो होतो ना!" अबे, म्हणूनच तर गेला.

हिशोब बघा. दाते 4, आरपीएम 2200, फीड मिनिटाला 350 एमएम, म्हणजे एक दाता एका फेरीत साधारण 0.04 एमएमचा घास घेतो. नॉब 30 वर आणला की आरपीएम तेवढेच राहतात पण घास उरतो 0.012. आता धार बोटाला कितीही तेज लागली तरी तिचा काठ जवळून पाहिला तर थोडा गोलच असतो, कार्बाइडला तर बरेचदा मुद्दाम तसा ठेवतात नाहीतर धार चुरते. घास फार पातळ झाला की तो काठ कापत नाही, नुसता घासत जातो. आणि 304 ची खोड अशी की दाबलं, घासलं की वरचा थर अजूनच कडक होतो, मग पुढच्या दात्याच्या नशिबी तोच कडक थर. वरून एसएस उष्णता लवकर वाहून नेत नाही, चिपसोबत (कापून निघणारा धातूचा तुकडा) बाहेर पडायची ती गरमी धारेवरच साचते.

कार्बाइड म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टनं बांधून भट्टीत पक्के केलेले. जर्मनीत 1920 च्या दशकात हे निघालं आणि क्रुपनं 'विडिया' नावानं विकलं, अर्थ 'हिऱ्यासारखा'. आपले जुने टर्नर अजूनही कार्बाइडला विडियाच म्हणतात. (टंगस्टनचं खनिज आपल्याच जिल्ह्यात कुही-खोबना भागात सापडतं, हे शॉपमधल्या निम्म्या लोकांना माहीतच नसतं.) एचएसएस (हाय स्पीड स्टील) 600 डिग्रीच्या आसपास नरम पडतं, कार्बाइड त्याच्या बरंच पुढेही कडक राहतं, पण ठिसूळ आहे, धक्का अजिबात सहन नाही होत.

म्हणून कूलंटचं (कटर गार ठेवायला सोडतात ते) पण तसंच. एकतर भरपूर सोडा नाहीतर सरळ हवा मारा. बाटलीनं मधेच पिचकारी मारली तर तापलेली धार एकदम गार होते, गरम चहाचा ग्लास थंड पाण्यात बुडवल्यावर तडकतो तशा बारीक भेगा पडतात. बीड (कास्ट आयर्न) तर कोरडंच कापलेलं बरं, त्यातल्या ग्रॅफाइटमुळे चिप लांब निघत नाही, भुगा होतो, अन् कूलंट मिसळलं की नुसता काळा चिखल.

ॲल्युमिनियमला लोक हमखास चुकतात. काळपट कोटिंगवाला महागडा कटर आणतात, स्टीलला चालतो तर इथे पळेलच. ते टायटॅनियम-ॲल्युमिनियम-नायट्राइड कोटिंग स्टीलमधे भारी, कारण तापल्यावर त्यावर ऑक्साइडचा थर येतो आणि धार वाचते. पण ॲल्युमिनियम त्याला चिकटतं, गाळे (दात्यांमधल्या खाचा) भरतात आणि कटर कटकन मोडतो. तिथे बिनकोटिंगचा, गाळे चकचकीत पॉलिश केलेला, 2 किंवा 3 दात्यांचाच घ्या, चिपला निघायला जागा पाहिजे. आरपीएम मात्र मोकळे सोडा, कापायचा वेग मिनिटाला 300 मीटर धरला तर 10 एमएमच्या कटरला 9500 च्या वर लागतात, आमची मशीन 8000 लाच संपते.

दुसरा कटर लावताना पाहिलं तर पोट्ट्यानं तो कोलेटमधून (कटर पकडून ठेवणारी पकड) 45 एमएम बाहेर काढलेला, कापायची खोली फक्त 12. बाहेरची लांबी दुप्पट केली की तेवढ्याच जोरात कटर आठपट वाकतो. आत ढकलायला लावला, कूलंट पूर्ण सोडलं, नॉब 100 वर. आवाज एकसारखा झाला, चिपा एका मापाच्या पडायला लागल्या. पण गड्याचा हात अजून नॉबवरच होता, तो काढायला सांगावा लागला.