बोर्ड बिघडतो तेव्हा नेमके काय बिघडते? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पंखा, इन्व्हर्टर, टीव्ही किंवा बोटीवरचा वायरलेस संच घेऊन येणारे बहुतेक ग्राहक ‘बोर्ड गेला’ असे सांगतात आणि नव्या बोर्डाच्या खर्चाची तयारी ठेवूनच येतात. प्रत्यक्षात बोर्डावरच्या, म्हणजे उपकरणातल्या सर्किटच्या पाटीवरच्या, अनेक भागांपैकी बहुधा एखाददुसराच निकामी झालेला असतो. तो कोणता आणि तो का गेला, हे शोधणे हेच आमचे खरे काम आहे. नुसता जळालेला भाग बदलला आणि कारण तसेच राहिले, तर नवा भागही जळतो, म्हणून या भागांचे वर्तन आपणांसही ठाऊक असावे असे आम्हांला मनापासून वाटते.

रेझिस्टर विद्युतप्रवाहाला ठरावीक विरोध करतो. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओम यांनी १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, १००० ओमच्या रेझिस्टरला १२ व्होल्ट दिले, तर त्यातून १२ मिलिअँपियर प्रवाह वाहतो. त्याच्या अंगावरचे रंगीत पट्टे ही किंमत सांगतात: तपकिरी, काळा, लाल म्हणजे १००० ओम. रेझिस्टर आपणहून क्वचितच जळतो. तो काळा पडलेला दिसला, तर पुढचा एखादा भाग शॉर्ट होऊन त्याने जास्त प्रवाह ओढला असावा, असे आम्ही प्रथम गृहीत धरतो.

कपॅसिटर, म्हणजे ज्याला आपण सर्रास कंडेन्सर म्हणतो तो, दुरुस्तीच्या कामात सर्वांत जास्त वेळा बदलावा लागतो. धातूच्या दोन पापुद्र्यांमध्ये विद्युतरोधक थर, अशी त्याची रचना असते. तो विद्युतभार साठवतो, डीसी (एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) अडवतो आणि एसीला (सतत दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला) वाट देतो. छताच्या पंख्यात साधारणपणे २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो आणि त्याच्यामुळे मोटरच्या दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह पहिल्याच्या मागेपुढे होऊन पंख्याला फिरण्याची दिशा व जोर मिळतो. या कंडेन्सरच्या प्लास्टिकच्या थराला बारीक छिद्र पडले की त्याभोवतालचा धातूचा मुलामा जळून जातो आणि दोष तेथेच थांबतो, परंतु प्रत्येक वेळी क्षमता थोडी घटते. पंखा वर्षागणिक मंद होतो, आणि अखेर हाताने ढकलल्याशिवाय सुरूच होत नाही, तो यामुळे. अशा पंख्याची मोटर सहसा चांगली असते. ती गुंडाळून घेण्याचा खर्च करण्यापूर्वी कंडेन्सर अवश्य तपासून घ्यावा.

बोर्डावरच्या उभ्या, डबीसारख्या कपॅसिटरमध्ये द्रवरूप रसायन असते आणि उष्णतेने ते हळूहळू सुकते. तापमान १० अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून बदलताना आम्ही ८५ ऐवजी १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणारा भाग वापरतो, आणि उपकरणाच्या जाळीवर कापड टाकू नये असे वारंवार सांगतो. डबीचे सपाट डोके फुगलेले असेल तर तो भाग संपला असे समजावे. मात्र कृपया स्वतः उघडून पाहू नये: २३० व्होल्टच्या एसीचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते, आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तेवढा दाब काही काळ टिकू शकतो.

डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, विहिरीवरच्या पंपाचा फूट व्हॉल्व्ह पाण्याला जसा परतू देत नाही तसा. चार डायोडांचा ब्रिज एसीचे डीसी करतो. त्यांतला एक जरी शॉर्ट झाला, तरी फ्यूज उडतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार बांधलेली उपकरणे आमच्याकडे येतात, तेव्हा एका डायोडाचे काम पूर्ण बोर्डावर गेलेले असते.

फ्यूजजवळ असलेली चपटी, गोल चकती म्हणजे व्हेरिस्टर. नेहमीच्या दाबाला तिचा रोध प्रचंड असतो, पण विजेचा झटका लाइनवरून आला की तो एकदम घसरतो आणि चकती झटका स्वतःवर घेते. मे महिन्याअखेरच्या आणि ऑक्टोबरमधल्या गडगडाटी पावसात ही चकती फुटून अनेक बोर्ड वाचतात. परंतु जवळच वीज पडली, तर तिचाही निभाव लागत नाही. ढग गडगडू लागण्यापूर्वी प्लग काढून ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. टीव्हीच्या बाबतीत डिशची केबलही काढावी.

आता आपल्या किनाऱ्याच्या खास दुखण्याविषयी. खाऱ्या वाऱ्याबरोबर येणारे मीठ बोर्डावर बसते. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ ओलावा ओढून विरघळते, आणि पावसाळ्यात कोकणात ती पातळी नित्याचीच असते. मिठाचे पाणी वीजवाहक असल्यामुळे जेथे जोडणी नाही तेथे प्रवाहाला वाट मिळते. दहा लाख ओमच्या रेझिस्टरला समांतर तेवढ्याच रोधाची ओलसर वाट तयार झाली, तर सर्किटला तो पाच लाख ओमचा वाटतो आणि सगळी मोजमापे चुकतात. हेच उपकरण कडक उन्हाच्या दिवशी आमच्या टेबलावर निर्दोष चालते! त्यामुळे बिघाड पावसातच होतो की केव्हाही, हे आपण सांगितलेत तर आमचे अर्धे काम होते. पुढे तांब्याच्या रेषा हिरव्या पडून तुटू लागतात.

असा बोर्ड आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो, पूर्ण वाळवतो आणि जोडण्यांची टोके वगळून त्यावर पारदर्शक लॅकरचा थर देतो. खर्च थोडा वाढतो, पण समुद्रालगतच्या घरांसाठी आणि बोटींसाठी तो करावाच असे आमचे स्पष्ट मत आहे. चाकरमान्यांची जी घरे गणपतीपर्यंत बंद असतात, तेथील उपकरणे शेजाऱ्यांकडून आठवड्यातून तासभर तरी चालवून घ्यावीत, कारण चालू बोर्डाच्या उबेने ओलावा टिकत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात आला तसा पूर येऊन उपकरण बुडाले, तर ते चालू होते का हे पाहण्यासाठी प्लग मुळीच लावू नये. बॅटरी काढून ते तसेच आमच्याकडे आणावे. चिखल वाळण्यापूर्वी स्वच्छ पाण्याने धुता आले, तर बरेच बोर्ड वाचतात.

उपकरण आणताना ते कधी बंद पडले, त्या वेळी लाइट गेली होती का, आवाज वा वास आला का, हे कागदावर लिहून आणावे. बदललेले जुने भाग आम्ही बिलासोबत पिशवीत घालून परत देतो. ते जरूर पाहावेत आणि शंका असल्यास तेथेच विचारावे.