समाजशास्त्र पदवी अभ्यासक्रमातील अध्ययन-मूल्यमापन

बी. ए.च्या विद्यार्थ्याला समाजशास्त्र कितपत अवगत झाले, याची पुराव्यानिशी केलेली तपासणी. परीक्षेत निकाल विद्यार्थ्याचा लागतो, येथे तो अभ्यासक्रमाचा लागतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने सांगितलेले आत्महत्येचे चार प्रकार गाइडमधून पाठ करून चांगले गुण मिळतात. पण गावातल्या एखाद्या घटनेमागची सामाजिक कारणे त्याच विद्यार्थ्याला मांडता येतील, याची हमी त्या गुणांतून मिळत नाही.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत हे काम प्रामुख्याने नॅक (महाविद्यालयांचे मूल्यांकन करून श्रेणी देणारी राष्ट्रीय परिषद) हिच्या अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या दुसऱ्या निकषामुळे रुजले. प्रत्येक विषयपत्रिकेची चार ते सहा अध्ययन-निष्पत्ती, म्हणजे अभ्यासानंतर विद्यार्थ्याला काय करता यावे याची विधाने, आधी लिहितात. ‘जातिव्यवस्था समजेल’ हे वाक्य निरुपयोगी, कारण समजणे तपासता येत नाही. ‘जात आणि वर्ग यांतील फरक उदाहरणाने दाखवेल’ हे तपासता येते. मग प्रश्नपत्रिकेतील प्रत्येक प्रश्नापुढे त्याची निष्पत्ती नोंदवतात आणि परीक्षेपूर्वीच पातळी ठरवतात, उदा., ६० टक्के विद्यार्थ्यांना त्या प्रश्नात किमान निम्मे गुण. एकूण गुणांवरून हिशेब केल्यास कच्चा भाग झाकला जातो. ‘कोणतेही तीन सोडवा’ हा पर्यायही घोटाळा करतो. पर्याय म्हणून सोडलेला प्रश्न त्या विद्यार्थ्यापुरता हिशेबातून वगळावा. अनिवार्य प्रश्न कोरा ठेवला असेल तर मात्र शून्य धरावे.

या विषयात खरी अडचण असते ती मत आणि विश्लेषण वेगळे काढण्याची. त्यासाठी न पाहिलेला तक्ता देणे हा उत्तम उपाय. महाराष्ट्रात ०–६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ च्या जनगणनेत ९१३, तर २०११ मध्ये ८९४ होत्या. एवढ्यावर या घटीचे कारण विचारले की बहुतेक उत्तरे ‘अज्ञान’ आणि ‘निरक्षरता’ येथे थांबतात. मग जिल्हावार आकडे पुढे ठेवावेत : २००१ मध्ये कोल्हापूर, सांगली या सधन जिल्ह्यांत हे प्रमाण बरेच खाली, तर गडचिरोलीत वर. जो विद्यार्थी आपले पहिले उत्तर मागे घेऊन जमीन, हुंडा, सोनोग्राफीची उपलब्धता यांकडे वळतो, त्याला विषय कळू लागला आहे. हाच तक्ता पहिल्या आणि अखेरच्या सत्रात देऊन उत्तरे शेजारी ठेवली की प्रगती दिसते. बाल लिंग-गुणोत्तर आणि सर्व लोकसंख्येचे गुणोत्तर यांची गल्लत होते का, हेही तेथेच पकडावे.

क्षेत्रकार्याचा प्रकल्प हा सर्वांत भरघोस पुरावा, आणि सर्वांत जास्त नक्कलही त्यातच. बांधीव प्रत तपासून भागत नाही; भरलेल्या प्रश्नावल्या आणि क्षेत्र-नोंदवही मागावी, दहा मिनिटांची तोंडी घ्यावी. वीस गुणांची एक वाटणी अशी : प्रश्नाची मांडणी ४, साधन व नमुनानिवड ४, सामग्री ४, विश्लेषण ६, लेखन २. विश्लेषणाला कमी गुण ठेवले की सुबक छपाई जिंकते. नावे झाकून दहा प्रकल्प दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावेत. फरक वारंवार दोन गुणांपेक्षा जास्त पडला, तर दोष बहुधा निकषांच्या शब्दांत असतो.

निष्पत्ती कितपत साधली याच्या अंतिम आकड्यात बऱ्याच विभागांत परीक्षेचा वाटा ८० टक्के, तर विद्यार्थी-सर्वेक्षणाचा (आपल्याला कितपत जमले, हे विद्यार्थ्यांनाच विचारण्याचा) २० टक्के धरतात. हे सर्वेक्षण गुणपत्रिका वाटतानाच्या रांगेत भरून घेतले की सगळीकडे पाचपैकी पाच येतात.