विझलेल्या ॲल्युमिनियमचा माग

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी लोकांनी आकाशातून सावकाश जळत जाणारी रांग पाहिली आणि ‘उल्का पडली’ म्हणून व्हिडिओ फिरू लागले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या लाडबोरीत तर धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. ते होते रॉकेटचे अवशेष. उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेगाने. ती इतकी रेंगाळत नाही. त्या आठवड्यात उल्कांवर पुष्कळ चर्चा झाली, पण सगळी पडण्याबद्दल. जमिनीवर पोहोचलेला दगड, म्हणजे अशनी, काय सांगतो हे राहूनच गेले, आणि खरी गंमत तिथेच आहे.

सूर्यमालेचा जन्म कसा झाला हे पृथ्वीवरच्या खडकांना विचारून उपयोग नाही. पृथ्वी सुरुवातीला वितळली आणि तिचे कवच पुढेही मोडत-घडत राहिले. इथला सर्वांत जुना ज्ञात खनिजकण ऑस्ट्रेलियातला, सुमारे 440 कोटी वर्षांचा. त्याआधीचे दप्तर लघुग्रहांकडे आहे, आणि बहुतेक अशनी त्यांचेच तुकडे.

8 फेब्रुवारी 1969 रोजी मेक्सिकोत आयेंदे नावाच्या गावाजवळ अशनींचा वर्षाव झाला. दोन टनांहून अधिक दगड गोळा झाले. त्यातला एखादा कापून पाहिला तर काळपट राखाडी पार्श्वभूमीवर मिलिमीटरभराचे गोल मणी दिसतात (हे कॉन्ड्र्यूल) आणि अधूनमधून वेडेवाकडे पांढरे ठिपके. हे ठिपके कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमने भरलेले आहेत. तप्त वायू निवताना सर्वांत आधी घन होणारी हीच खनिजे. त्यांचे वय सुमारे 456 कोटी 70 लाख वर्षे. सूर्यमालेचा शून्य क्षण आपण त्यांच्यावरूनच मोजतो.

आता मुद्द्याचे. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या अणुकेंद्रात 27 कण असतात. 26 कणांचा भाऊ किरणोत्सारी आहे, त्याचे अर्धायुष्य (साठा निम्मा व्हायला लागणारा काळ) साधारण 7 लाख वर्षे. म्हणजे सुरुवातीचा साठा केव्हाच संपला. पण संपताना त्याचे मॅग्नेशियम-26 झाले, आणि ते घन खनिजात जागच्या जागी अडकून राहिले. मॅग्नेशियम-26 तर निसर्गात असतेच, मग जास्तीचे कुठले हे कसे ओळखायचे? एकाच ठिपक्यातली वेगवेगळी खनिजे तपासायची. स्पिनेलमध्ये मॅग्नेशियम भरपूर. अनॉर्थाइटमध्ये ॲल्युमिनियम भरपूर, मॅग्नेशियम नावालाच. जिथे मॅग्नेशियमच्या तुलनेत ॲल्युमिनियम जास्त, तिथे मॅग्नेशियम-26चा वाटाही त्याच प्रमाणात जास्त निघाला, तर आलेखावर सरळ रेषा येते. त्या रेषेचा चढ सांगतो की खनिज घट्ट झाले त्या वेळी किरणोत्सारी ॲल्युमिनियम किती शिल्लक होते. 1976 मध्ये टायफून ली, पापानास्तासिउ आणि वासरबर्ग यांनी आयेंदेच्या ठिपक्यात हेच दाखवले: 1 लाख साध्या अणूंमागे सुमारे 5 किरणोत्सारी.

पुढचे गणित सोपे आहे. एखाद्या कॉन्ड्र्यूलमध्ये 5 ऐवजी 1 निघाला, तर सव्वादोन अर्धायुष्ये उलटली; म्हणजे तो मणी ठिपक्यांपेक्षा साधारण 16-17 लाख वर्षांनी धाकटा. साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीच्या घटनांचा क्रम लाख-दोन लाख वर्षांच्या बारकाव्याने लावता येतो, हे मला आजही थक्क करते.

अशनीचा तुकडा म्हणून अंगठीत बसवून ग्रहपीडेवर उतारा विकणारे आहेत. त्या दगडात ग्रह बनण्याची हकिकत आहे. कुणाची साडेसाती हटवण्याची ताकद नाही. शिवाय असा तुकडा देव्हाऱ्यात किंवा बोटात गेला, की प्रयोगशाळेला तो मुकतो.

ते किरणोत्सारी ॲल्युमिनियम नुसते घड्याळ नव्हते, चूलही होती. त्याच्या विघटनाच्या उष्णतेने छोटे ग्रहपिंड वितळले असावेत, असे रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी यांनी 1955 मध्येच सुचवले होते. वितळलेल्या पिंडाच्या दगडात पुरावा मात्र मिळत नव्हता. 20 जून 1996 रोजी राजस्थानात पिपलिया कलां इथे लाव्ह्यापासून बनलेला अशनी पडला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या श्रीनिवासन, गोस्वामी आणि भंडारी यांनी त्यात जास्तीचे मॅग्नेशियम-26 शोधून 1999 मध्ये प्रसिद्ध केले. सूर्यमाला जेमतेम 50 लाख वर्षांची असताना त्या लघुग्रहावर लाव्हा थिजूनही झाला होता.

म्हणून हे ॲल्युमिनियम भरपूर असताना लवकर जमलेले पिंड वितळले, ते बरेचसे संपल्यावर उशिरा जमलेले वाचले. आयेंदेचे दगड ज्या पिंडातून तुटून आले, तो उशिरा जमला. त्याला वितळण्याइतकी ऊब मिळाली नाही, आणि ते पांढरे ठिपके शाबूत राहिले. 6 जून 2017 रोजी जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात पडलेला अशनीही असाच उशिराचा. त्याच्या पिंडात उरलेली ऊब खडक वितळवायला अपुरी होती, पण बर्फाचे पाणी करायला पुरली. त्या पाण्याने बनवलेली चिकणमातीची खनिजे त्या दगडात आहेत.