हवेवर धावणारी गाडी आणि तिची वेगळी वाट

पॅरिसहून रेल्वेने ऑर्लेआंला जाताना, शहर येण्याआधी, खिडकीतून खांबांवर उभा असलेला काँक्रीटचा लांबलचक मार्ग दिसतो. १९६९ साली एरोट्रेनच्या चाचण्यांसाठी बांधलेल्या या १८ किलोमीटरच्या मार्गावर पुढे प्रवासी सेवा कधीच सुरू झाली नाही.

एरोट्रेन ही अभियंते झाँ बेर्तँ यांची निर्मिती. दाबलेली हवा गाडीच्या पोटाखाली सोडायची आणि त्या थरावर गाडी उचलून धरायची. मार्गाच्या मधोमध असलेली उभी भिंत तिला भरकटू देत नसे. कल्पना तेव्हा अचाट वाटत नव्हती. १९५९मध्येच क्रिस्टोफर कॉकरेल यांच्या, अशाच हवेच्या थरावर तरंगणाऱ्या हॉवरक्राफ्टने इंग्लिश खाडी ओलांडली होती. ५ मार्च १९७४ रोजी ऐंशी आसनांच्या एरोट्रेनने ताशी ४३० किलोमीटरचा वेग गाठला. जूनमध्ये सेर्जी ते ला देफाँस या पॅरिसच्या उपनगरी मार्गाचा करार झाला आणि जुलैत रद्दही झाला. एक महिनासुद्धा टिकला नाही!

तेल महागलं होतं, राष्ट्राध्यक्ष बदलले होते, जेट इंजिनाचा आवाज कानठळ्या बसवणारा होता. ही कारणं खरीच आहेत. पण मला त्याहून मोठं वाटतं ते वेगळंच: एरोट्रेनला जुन्या रुळांचा काडीचाही उपयोग नव्हता. तिच्याशी स्पर्धा करणारी टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे, नव्या रुळांवरून सुसाट यायची आणि शहरात शिरताना जुनेच रूळ, जुनीच स्थानकं वापरायची. एरोट्रेनसाठी मात्र भर वस्तीतही नवा मार्ग उभारावा लागला असता. बेर्तँ १९७५च्या डिसेंबरात वारले. टीजीव्ही १९८१मध्ये सुरू झाली.

पुढे हवेची जागा चुंबकांनी घेतली. बर्मिंगहॅममध्ये १९८४पासून विमानतळ ते रेल्वे स्थानक अशी चुंबकावर तरंगणारी छोटी गाडी, म्हणजे मॅग्लेव्ह, धावू लागली. अंतर जेमतेम ६०० मीटर, वेग ताशी ४२ किलोमीटर. त्या रचनेची गाडी जगात दुसरी नसल्याने सुटे भाग मिळेनात, आणि १९९५मध्ये ती बंद पडली. शांघायची मॅग्लेव्ह अजून चालू आहे, पण विमानतळाहून ३० किलोमीटर येऊन ती शहराच्या मध्यभागाआधीच थांबते. पुढे मेट्रो पकडावी लागते.

आपल्याकडे या साखळीतली कडी म्हणजे मुंबई–पुणे हायपरलूप. निर्वात नळीतून तरंगत जाणाऱ्या डब्यांनी पंचवीस मिनिटांत पुणं गाठायचं, असा तो बेत. २०१८च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने व्हर्जिन हायपरलूप वनशी करार केला, २०१९मध्ये प्रकल्पाला सार्वजनिक पायाभूत प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. २०२०च्या नोव्हेंबरात नेवाडाच्या वाळवंटात कंपनीच्या दोन कर्मचाऱ्यांनी प्रवास केला, तो ५०० मीटरच्या नळीत. इथे तर मार्गच नव्हे, त्याभोवतीची निर्वात नळीही नव्याने उभारायची होती, आणि तीही घाट ओलांडून. २०२३च्या अखेरीस कंपनीने गाशा गुंडाळला.