मनात पाल चुकचुकते तेव्हा

'इंट्यूशन'साठी मराठीत चार-पाच शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि तिथेच घोळ होतो. वेळासच्या किनाऱ्यावर वाळूतून वर आलेलं कासवाचं पिल्लू कुणी न शिकवता समुद्राकडे निघतं, ती उपजत प्रेरणा. फोन वाजायच्या आधीच त्या माणसाची आठवण झाली, तर तो पूर्वाभास. आठवण झाली पण फोन आलाच नाही, असे दिवस कुणी मोजत नाही, म्हणून तो खरा वाटतो. अंतःप्रेरणा या दोन्हींहून वेगळी. ती अनुभवातून येते, फक्त कारण सांगता येत नाही. मनात पाल चुकचुकते, बस्स. (भिंतीवरची पाल चुकचुकते ती हद्द राखायला नाहीतर जोडीदारासाठी. आपल्या कामाशी तिचा काडीचा संबंध नाही.)

ही चुकचुक मोजता येते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बेकारा, दामासिओ आणि सहकाऱ्यांनी पत्त्यांचा एक खेळ रचला. समोर चार गड्ड्या, हातात २००० डॉलरच्या खोट्या नोटा. 'अ' आणि 'ब' गड्डीत प्रत्येक पानाला १०० डॉलर मिळतात, पण दर दहा पानांत एकूण १२५० दंड. म्हणजे २५० चा तोटा. 'क' आणि 'ड'मध्ये पानाला ५०च, पण दहा पानांत दंडही २५०च. म्हणजे २५० चा फायदा. खेळाडूला यातलं काही सांगत नाहीत. शंभर पानं झाली की खेळ थांबतो.

खेळताना हाताला इलेक्ट्रोड लावलेले असतात. मनावर ताण आला की तळहातावरच्या घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंकडून इशारा जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका घाम सुटला तरी त्यातल्या क्षारांमुळे त्वचेतून वीज अधिक सहज वाहते. या विजेचा आलेख एक-दोन सेकंदांत वर चढतो.

१९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले निकाल असे: दहाएक पानांनंतर निरोगी खेळाडूंचा हात वाईट गड्डीकडे वळला की पान उचलण्याआधीच आलेख चढू लागला. 'या गड्ड्या बऱ्या नाहीत वाटतं' असं ते बोलले पन्नासाव्या पानाच्या सुमारास, आणि बहुतेकांना हिशेब नीट सांगता आला ऐंशीच्या आसपास. कपाळामागच्या मेंदूच्या खालच्या, मधल्या भागाला इजा झालेल्या रुग्णांचा आलेख पान उचलण्याआधी चढलाच नाही. त्यातल्या काहींना कोणती गड्डी वाईट हे सांगता येत होतं, तरी हात तिकडेच जात होता!

यावर आक्षेपही आले. २००४ मध्ये माइया आणि मॅक्लेलंड या संशोधकांनी खेळाडूंना अधिक नेमके प्रश्न विचारले, तेव्हा कळलं की आधी मानलं होतं त्यापेक्षा खेळाडूंना बरंच लवकर समजलेलं असतं. त्यामुळे 'शरीराला मनाआधी कळतं' ही घोषणा जपून वापरावी. शरीर शिकतं हे पक्कं. ते किती आधी शिकतं, यावर वाद आहे.

मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती 'ब' गड्डी. 'अ'मध्ये दंड दहांतल्या पाच पानांवर विखुरलेला असतो, तर 'ब'मध्ये तो एकाच पानावर, १२५० चा. तोटा दोन्हींत सारखाच. तरीही पुढच्या अनेक प्रयोगांत धडधाकट माणसं 'ब'कडे पुन्हा पुन्हा वळताना दिसली. दहांतली नऊ पानं नुसती १०० देतात आणि अंतःप्रेरणा घडते ती या नऊ पानांवर. दंड किती वेळा बसला हे तिला चटकन उमगतं, किती मोठा बसला हे नाही. ते कागदावर मांडावं लागतं.