नसलेली डिस्क वाटताना

एखाद्या सर्व्हरवर वाटण्याजोगी जागा ५०० जीबी असते आणि तरीही त्यावर प्रत्येकी २०० जीबीची डिस्क मिळालेले पाच आभासी संगणक सुरळीत चालू असतात. मागितलेली जागा आणि वापरलेली जागा यांत बहुधा मोठे अंतर असते, म्हणून हा हिशेब निभावतो. डेटाबेस उभारणारा माणूस पुढच्या काही वर्षांची वाढ धरून जागा मागतो आणि ती मागणी मान्य केली की तेवढी डिस्क त्याच्या नावे रिकामी पडून राहते. पत्रिका हजार वाटल्या तरी आचारी सातशे पानांचाच अंदाज धरतो. थिन प्रोव्हिजनिंग या पद्धतीतही कबूल केलेला आकडा एक असतो आणि प्रत्यक्ष लावलेली डिस्क दुसऱ्याच हिशेबाने येते.

२००० नंतरच्या दशकात मोठ्या साठवण यंत्रांच्या बाजारात ही पद्धत रुजवण्यात थ्रीपार या अमेरिकी कंपनीचा मोठा वाटा होता. २०१० मध्ये तिच्यासाठी डेल आणि एचपी यांच्यात जी चढाओढ झाली आणि एचपीने अखेर दोन अब्ज डॉलरहून अधिक मोजले, त्यावरून या तंत्राची किंमत बाजाराला कळली होती असे म्हणता येईल. जानेवारी २०१२ मध्ये लिनक्स या खुल्या कार्यप्रणालीच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ३.२ या आवृत्तीत हीच सोय आली आणि ती साध्या सर्व्हरवरही फुकट उपलब्ध झाली.

लिनक्समध्ये डिस्कची वाटणी एलव्हीएम ही व्यवस्था पाहते. तिच्यात नेहमीचा व्हॉल्यूम, म्हणजे स्वतंत्र डिस्कसारखा वापरता येणारा भाग, तयार केला की त्याच्या आकाराएवढी जागा तत्क्षणी बाजूला काढली जाते. थिन व्हॉल्यूमसाठी मात्र आधी एक सामाईक थिन पूल उभारावा लागतो, ज्याच्या पोटात दोन भाग असतात : प्रत्यक्ष माहिती ठेवणारा डेटा आणि कोणत्या व्हॉल्यूमचा कोणता तुकडा डिस्कवर कुठे आहे याची नोंदवही असलेला मेटाडेटा. व्हॉल्यूमच्या एखाद्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिले जाते तेव्हाच पूल एक रिकामा तुकडा, म्हणजे चंक, उचलून देतो आणि नोंदवहीत तशी नोंद करतो. जिथे कधी काही लिहिलेच नाही ती जागा वाचायला गेल्यास डिस्कला न विचारताच शून्ये परत मिळतात.

हे सारे एलव्हीक्रिएट या एकाच आज्ञेने होते. पूल तयार करताना कॅपिटल एल या पर्यायापुढे खरा आकार द्यायचा आणि व्हॉल्यूम तयार करताना कॅपिटल व्ही या पर्यायापुढे कबूल केलेला. कबूल केलेल्या आकारांची बेरीज पुलाच्या आकाराहून मोठी झाली की पडद्यावर तसा स्पष्ट इशारा उमटतो, पण काम थांबत नाही, व्हॉल्यूम तयार होतोच. माझ्या मते हा इशारा रोज दिसू लागल्यामुळे डोळ्यांना न दिसणे, हाच या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका आहे.

खरा विचार करावा लागतो तो चंकच्या आकाराचा. तो ६४ केबीपासून १ जीबीपर्यंत ठेवता येतो आणि पूल तयार झाल्यावर बदलता येत नाही. कर्नलच्या दस्तऐवजात मेटाडेटासाठी दर चंकमागे ४८ बाइट असा अंदाज दिला आहे. त्या हिशेबाने १ टीबीच्या पुलात ६४ केबीचे सुमारे १ कोटी ६८ लाख चंक होतात आणि नोंदवहीला ७६८ एमबी लागतात. चंक १ एमबीचा ठेवला तर अवघ्या ४८ एमबीत भागते. मग मोठाच चंक का घेऊ नये? कारण स्नॅपशॉट, म्हणजे व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत. स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ व्हॉल्यूम आणि त्याची प्रत तेच चंक वाटून घेतात, आणि नंतर ४ केबीचा बदल करायचा झाला तरी संपूर्ण चंकची नक्कल करावी लागते. स्नॅपशॉट भरपूर घ्यायचे असतील तर लहान चंक आणि फक्त जागा वाचवायची असेल तर मोठा, असा ढोबळ नियम त्यामुळे पडला आहे.

दुसरी अडचण फाइली पुसण्याची. फाइल पुसली की व्हॉल्यूमवरच्या फाइलींचा हिशेब ठेवणारी फाइल सिस्टीम आपल्या वहीत ती जागा मोकळी लिहून ठेवते, पण ही बातमी खालच्या पुलाला आपोआप कळत नाही. परिणामी, आतून पाहिले तर डिस्क अर्धी रिकामी आणि बाहेरून पाहिले तर पूल काठोकाठ, असे विचित्र चित्र दिसते. एफएसट्रिम ही आज्ञा वेळोवेळी चालवली की मोकळी जागा पुलाला परत मिळते. अनेक लिनक्स वितरणांत ती आठवड्यातून एकदा आपोआप चालवण्याची सोय असते. मात्र संपूर्ण चंक रिकामा झाला तरच तो परत जातो, आणि एखाद्या जुन्या स्नॅपशॉटने तो धरून ठेवला असेल तर कितीही ट्रिम केले तरी सुटत नाही.

पूल खरोखरच भरला की काय होते, हे नीट समजून घ्यायला हवे. डेटाची जागा संपल्यावर नव्या जागेसाठी आलेले लेखन मूळ मांडणीनुसार ६० सेकंद थोपवून धरले जाते. तेवढ्यात पूल वाढवला तर काम पुढे सरकते, नाहीतर ते लेखन फसते आणि चुकीचे संदेश येऊ लागतात. त्या वेळीही व्हॉल्यूमच्या आत डीएफ ही आज्ञा शेकडो जीबी शिल्लक दाखवत असते, त्यामुळे नवखा माणूस भलतीकडेच दोष शोधत बसतो. मेटाडेटाची जागा संपणे याहून वाईट, कारण तेव्हा नोंदवहीच अर्धवट राहण्याची भीती असते. पूल लेखन बंद करतो आणि तपासणी व दुरुस्ती केल्याशिवाय पूर्ववत होत नाही. म्हणूनच एलव्हीएस या आज्ञेच्या तक्त्यात डेटा आणि मेटाडेटा यांच्या टक्केवारीचे दोन स्वतंत्र रकाने असतात, आणि दुसऱ्याकडे लक्ष देणारे कमी असतात.

पूल आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण मूळ मांडणीत तिची मर्यादा १०० टक्के ठेवलेली असते, म्हणजे ती बंदच असते. एलव्हीएमच्या मांडणी-फाइलीत ही मर्यादा ७० आणि वाढ २० टक्के अशी लिहिली, तर ५०० जीबीचा पूल ३५० जीबी ओलांडताच ६०० जीबीचा होतो आणि पुढे ४२० जीबी ओलांडल्यावर ७२० जीबीचा. ही वाढ ज्या व्हॉल्यूम ग्रुपमधून, म्हणजे एकत्र केलेल्या खऱ्या डिस्कच्या साठ्यातून, यायची तिथे मोकळी जागा उरलेली असावी लागते, आणि एकदा वाढवलेला पूल सहजी लहान करता येत नाही. त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळी डिस्क पुलाच्या हवाली न करता ग्रुपमध्ये काही भाग राखून ठेवावा आणि मर्यादा इतकी खाली ठेवावी, की इशारा आल्यापासून नवी डिस्क मंजूर होऊन सर्व्हरमध्ये बसेपर्यंतचे आठवडे त्या उरलेल्या जागेत निघतील.